‘उणे २३’ वाचून स्लीपिंग बॅग घेऊ नका

‘बर्फात उबदार झोपण्याची नऊ गुपितं’ अशा नावाचा एक मेसेज दिवाळीपासून गोव्यातल्या कॉलेजांच्या आणि ट्रेकिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली ना नाव, ना गाव. मी तो वाचून सोडून दिला होता. परवा तोच मेसेज फोंड्याहून ताईने पाठवला. सोबत एका स्लीपिंग बॅगेचा फोटो आणि एक ओळ: ‘यात सांगितलंय तशीच बघितलीय, उणे २३ची आहे, मागवते हं.’ भाची डिसेंबरअखेर उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या बर्फातल्या ट्रेकला जातेय. पणजीत पारा २०च्या खाली उतरला की शाल शोधणारी आपण माणसं, आपल्याला उणे आकड्यांचा अंदाज नसतो. त्यात काही वावगं नाही. पण ज्याला अंदाज नाही त्यालाच ठामपणे चुकीचं सांगणं, याचा मला राग येतो. ताईला फोनवर सांगितलं. बाकीच्यांसाठी हे लिहितोय.

आमच्या क्लबच्या स्लीपिंग बॅगा सांभाळण्याचं काम माझ्याकडे आहे. कुणाला कुठली द्यायची, परत आली की तपासायची, धुवायची, वाळवायची. त्यामुळे यातलं बरंचसं हाताळून माहीत झालेलं आहे.

सगळ्यात आधी चौथं ‘गुपित’, कारण पैसे आणि जीव दोन्ही त्यावर लागतात. मेसेज म्हणतो: ‘बॅगेवर तीन आकडे असतात, त्यातला सर्वात खालचा बघा. उणे २३ असेल तर उणे २३पर्यंत निर्धास्त झोपा.’

निर्धास्त? ते तीन आकडे कुठून येतात ते आधी बघा. २००२ साली युरोपात ईएन १३५३७ हे मानक आलं. २०१६पासून त्याची जागा आयएसओ २३५३७ने घेतली. यात माणसाच्या आकाराचा, आतून तापवलेला पुतळा बॅगेत घालून थंड खोलीत ठेवतात आणि त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर जाते ते मोजतात. त्यावरून आकडे काढतात. पहिला ‘कम्फर्ट’: सर्वसाधारण स्त्री आरामात, अंग सैल सोडून झोपली, तर तिला थंडी वाजणार नाही असं तापमान. दुसरा ‘लिमिट’: सर्वसाधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून आठ तास न उठता काढू शकेल असं तापमान. आणि तिसरा, ज्याच्यावर मेसेज भाळलाय, तो ‘एक्स्ट्रीम’. त्याचा अर्थ असा की त्या तापमानाला सर्वसाधारण स्त्री सहा तास जिवंत राहू शकेल. तिला थंडी तीव्र वाजेल, शरीराचं तापमान धोकादायक रीतीने उतरण्याची, म्हणजे हायपोथर्मियाची, शक्यता राहीलच. हा आकडा अपघातात, वाट चुकल्यावर, दुसरा उपाय नसताना विचारात घ्यायचा आहे. झोपेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

आता अंतरं बघा. ज्या बॅगेवर एक्स्ट्रीम उणे २३ असतं, तिच्यावर लिमिट साधारण उणे ६ आणि कम्फर्ट शून्याच्या आसपास असतं. म्हणजे मेसेज ज्या बॅगेला उणे २३ची म्हणतोय ती एका मुलीसाठी शून्य अंशाची बॅग आहे. केदारकंठाच्या वाटेवर जुडा का तालाबजवळच्या कॅम्पवर, साधारण ९,००० फुटांवर, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा उणे ५च्या खाली सहज जातो. वरच्या कॅम्पला त्याहून खाली. त्या बॅगेत भाची मरणार नाही कदाचित, पण रात्रभर कुडकुडेल. झोप न झालेल्या अवस्थेत पहाटे तीनला उठून १२,५०० फुटांच्या शिखराकडे निघेल. अपघात अशाच पहाटे होतात.

स्त्रियांना सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त थंडी वाजते हे त्या मानकातच धरलेलं आहे, म्हणूनच कम्फर्टचा आकडा स्त्रीवरून काढतात. तेव्हा मुलीसाठी, बायकोसाठी, आईसाठी बॅग बघताना कम्फर्ट सोडून दुसरा आकडा वाचूच नये. पुरुषांनीही तोच वाचावा, विशेषतः ज्यांची उभी हयात किनाऱ्यावर गेली आहे त्यांनी. जिथे जायचं तिथलं रात्रीचं अपेक्षित तापमान घ्या आणि कम्फर्ट त्याच्याही पाच अंश खाली असेल अशी बॅग बघा. आणि कित्येक स्वस्त बॅगांवर एकच उणे आकडा छापलेला असतो, कुठल्या मानकाने काढला ते लिहिलेलंच नसतं. तो कम्फर्ट आहे असं कृपया समजू नका.

दुसरं गुपित: ‘आत शिरताना सगळे कपडे काढा, अंगाच्या उबेने बॅग तापते. सैनिक असेच झोपतात.’ हे मी लहानपणापासून ऐकतोय. वरच्या चाचणीतला तो पुतळासुद्धा उघडा झोपवत नाहीत! त्याला लांब बाह्यांचं आतलं वस्त्र, लांब पायजमा आणि मोजे घालतात, तेव्हा कुठे छापलेला आकडा येतो. कपडे काढले की एक थर कमी झाला, आकडा वर सरकला. इतकं सरळ आहे. शिवाय अनोळखी मुलामुलींच्या सामायिक तंबूत एकोणीस वर्षांच्या पोरीला हा सल्ला द्यायचा, याला काय म्हणावं?

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. दिवसभर चालून घामेजलेले कपडे तसेच अंगावर ठेवून झोपलात तर तो ओलावा रात्रभर गारठवतो. आणि अरुंद बॅगेत जाडजूड जॅकेट घालून स्वतःला कोंबलं तर आतलं भरण दबतं, फुगवटा जातो. म्हणून झोपायला वेगळा, कोरडा जोड ठेवायचा: थर्मल, लोकरीचे मोजे, टोपी. तो जोड दिवसा घालायचाच नाही.

तो पुतळा मॅटवर झोपवलेला असतो, हेही मेसेजवाल्याला माहीत नाही. मॅटचा नऊ मुद्द्यांत उल्लेखच नाही. अशा बॅगांत डाउन भरलेलं असतं, म्हणजे बदक किंवा हंस जातीच्या पक्ष्यांच्या छातीकडची दांडा नसलेली मऊ लव. ती ऊब तयार करत नाही. फुगून हवा अडकवून ठेवते आणि ती हवा तुमच्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पाठीखालची लव तुमच्या वजनाने चेपून सपाट होते, म्हणजे खालच्या बाजूला बॅग जवळपास नसल्यासारखीच. तिथे काम मॅटचं. मॅटवर ‘आर-व्हॅल्यू’, म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, लिहिलेली असते. साध्या फोमच्या मॅटची दोनच्या आसपास, बर्फावर चार-पाच तरी हवी. दोन मॅट एकावर एक घातल्या की दोघींची बेरीज होते. महागडी बॅग आणि खाली योगाची पातळ चटई घेऊन गेलेली माणसं पाठीने गारठून परत येतात आणि दोष बॅगेला देतात.

पाचवं: ‘८०० फिलची बॅग ६०० फिलपेक्षा गरमच.’ नाही. फिल पॉवर म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम, लव फुगून किती घन इंच जागा व्यापते तो आकडा. लव किती चांगली ते त्यावरून कळतं, आत किती भरली आहे ते कळत नाही. एका बॅगेत ८०० फिलची ३०० ग्रॅम लव आहे, दुसरीत ६०० फिलची ५०० ग्रॅम. गुणाकार करा: २,४०,००० आणि ३,००,०००. आकार आणि शिवण सारखी असेल तर दुसरीच गरम, फक्त जड आणि गुंडाळल्यावर मोठी. आत किती ग्रॅम भरलंय, हे विचारल्याशिवाय पैसे काढू नका. शिवण कशी आहे तेही बघा. बाहेरचं आणि आतलं कापड थेट एकमेकांना शिवलेलं असेल तर प्रत्येक टाक्यावर लव शून्य, तिथून गारवा आत येतो. थंडीच्या बॅगेत दोन कापडांच्या मध्ये जाळीच्या उभ्या भिंती असतात, चेनमागे लव भरलेली नळी असते आणि मानेभोवती आवळता येणारी कॉलर. जुनी किंवा उसनी बॅग घेत असाल तर ती खिडकीसमोर उजेडात धरा. कप्प्याकप्प्यांतून फिरणारी लवेची सावली दिसते. जिथून लख्ख उजेड आरपार येतो तो कप्पा रिकामा झालाय. एका कोपऱ्यात गठ्ठा असेल तर बोटांनी हळूहळू सोडवता येतो. कप्पाच रिकामा असेल तर ती बॅग बर्फात नेऊ नका.

सहावं आणि सातवं एकत्र घेतो, कारण दोन्ही जीवघेणी आहेत. ‘झोपण्याआधी दोन टोपणं फेणी घ्या’ आणि ‘तंबूत छोटी शेगडी किंवा गॅस पेटता ठेवा.’

फेणी आपल्याकडे घरचं औषध आहे. सर्दीला गरम पाण्यातून देणाऱ्या आज्या मीही पाहिल्यात, त्यांचा अपमान करायचा नाही. पण दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. आतलं गरम रक्त बाहेर येतं, म्हणून अंग तापल्यासारखं वाटतं आणि तीच उष्णता झपाट्याने निघून जाते. थंडीची जाणीव बोथट होते, कुडकुडणंही मंदावतं, म्हणजे शरीराची धोक्याची घंटाच बंद. उंचीवर हे आणखी वाईट. वाळपईच्या घरात घोंगडीखाली जे चालतं ते १०,००० फुटांवर चालत नाही.

आणि शेगडी! बंद तंबूत कोळसा किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बर्फ पडून तंबूच्या कडा बुजल्या की उरलीसुरली हवाही येणं थांबतं. जानेवारी २०२०मध्ये नेपाळमध्ये दामन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यात लहान मुलंही होती, हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपले होते. आठहीजण गेले. ती तर पक्की बांधलेली खोली होती. ज्याने हा मुद्दा लिहिला आणि ज्यांनी न वाचता पुढे पाठवला, त्या सगळ्यांनी तो आजच्या आज डिलीट करावा आणि जिथे पाठवला तिथे ‘हे चूक आहे’ असं लिहावं. ऊब हवी असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला, पायाशी घेऊन झोपा. पोटात काहीतरी गरम आणि तुपाचं जाऊ द्या.

मेसेजमधलं ‘डोक्यातून निम्मी उष्णता जाते’ हे जुनंच खूळ आहे. बाकी अंग जाड कपड्यांत आणि डोकं तेवढं उघडं, अशा माणसांवर अमेरिकन सैन्याने केलेल्या प्रयोगातून ते पसरलं. डोकं उघडं ठेवू नये हे खरंच, बॅगेची टोपी आवळून घ्या. पण पुढचं ‘तोंड आत घालून श्वासाची ऊब बॅगेत सोडा’ हे करू नका. श्वासात पाणी असतं, ते लवेत मुरतं, लव चिकटून बसते आणि दुसऱ्या रात्री बॅग गार लागते. नाक-तोंड बाहेर, हवं तर त्यावर मफलर.

उरला साठवणुकीचा मुद्दा: ‘गोव्यात दमटपणा फार, म्हणून बॅग कायम तिच्या छोट्या पिशवीत घट्ट दाबून माळ्यावर ठेवा.’ दमटपणा फार, एवढं बरोबर. उपाय मात्र नेमका उलटा आहे. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेली लव पुन्हा पूर्ण फुगत नाही, आणि आत जराही ओल राहिली असेल तर गणेश चवथीपर्यंत पिशवी उघडताच बुरशीचा वास येतो. ती छोटी पिशवी फक्त प्रवासापुरती. घरी बॅग मोठ्या सुती पिशवीत, जुन्या चादरीच्या खोळीतही चालेल, सैल भरून कोरड्या कपाटात ठेवा. भिंतीला लागून नको, माळ्यावर तर नकोच. पावसाळ्यात धुवायला काढू नका, इथे ती वाळणारच नाही. जानेवारीच्या कोरड्या हवेत, डाउनसाठी मिळणाऱ्या सौम्य साबणाने धुवा. ओली बॅग एका टोकाने उचलू नका, लवेच्या वजनाने आतल्या भिंती फाटतात. सावलीत आडवी पसरा आणि दिवसातून अनेकदा गाठी बोटांनी मोकळ्या करत राहा. बाहेरून कोरडी लागली तरी आत ओल असते, आणखी दोन दिवस द्या.

आणि एक, जे मेसेजमध्ये नाही. वर्षातून एकदा, तेही जमलं तर, हिमालयात जाणाऱ्या गोव्याच्या माणसाने पहिल्याच वेळी बॅग विकत घ्यायची गरज नसते. बहुतेक ट्रेक चालवणारे बॅग देतातच, सांक्रीसारख्या पायथ्याच्या गावी भाड्यानेही मिळते. त्यांना फोन करून दोन गोष्टी विचारा: कम्फर्ट किती आणि खाली मॅट कुठली. ‘उणे १०ची आहे’ एवढंच उत्तर आलं तर उणे १० म्हणजे तीनपैकी कुठला, ते पुन्हा विचारा. सांगता आलं नाही, तर स्वतःचा फ्लीसचा लाइनर (बॅगेच्या आत घालायची पातळ खोळ) आणि एक जादा फोम मॅट घेऊन जा. दोन्ही मिळून बॅगेच्या किमतीच्या तुलनेत खर्च थोडा. भाचीसाठी आम्ही तेच ठरवलंय. ताईने ती ऑर्डर रद्द केली आहे.