हँडहेल्ड करा, पण हलवू नका

ॲलेक्सा मिनी हा सिनेमाचा कॅमेरा २०१५ साली आला तेव्हा माहितीपत्रकात त्याचं वजन साधारण २.३ किलो दिलं होतं. ते खरं आहे. मी फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा; पेटीतून कॅमेरा मीच बाहेर काढतो, आणि काढतो त्या क्षणी तो खरोखर तेवढाच असतो. पुढच्या तासाभरात त्याचं काय होतं, ते माहितीपत्रक लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसावं.

कॅमेऱ्यावर चढतं ते वजन यंत्राचं नसतं, माणसांचं असतं. ऑपरेटरला व्ह्यूफाइंडर हवा. डीओपी सरांचा, म्हणजे मुख्य छायालेखकांचा, व्ह्यूफाइंडरवर विश्वास नाही, त्यांना वर मॉनिटर हवा. मला फोकससाठी माझा वेगळा मॉनिटर हवा (ही मागणी मात्र रास्त आहे). दिग्दर्शक लांब तंबूत बसणार, त्यांच्यासाठी वायरलेस ट्रान्समीटर. एवढ्यात साउंडवाले येऊन चित्र-आवाज जुळवणारी टाइमकोडची डबी चिकटवून जातात, तीही नेमकी मला बटण दाबायचं असतं तिथे. या सगळ्यांना वीज लागते म्हणून मोठी व्ही-माउंट बॅटरी, बॅटरीला प्लेट, प्लेटला रॉड, रॉडला बेसप्लेट. अख्ख्या युनिटचं बिऱ्हाड कॅमेऱ्याच्या पाठीवर!

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. इकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीने १९१८ साली चक्क घरचा कॅमेरा तयार केला. हाताने फिरवायचे कॅमेरे ते. एक हात कायम हँडल फिरवण्यात गुंतलेला, त्यामुळे कॅमेरा तिकाटण्यावरच हवा. ‘जरा खांद्यावर घ्या ना’ असं म्हणायची सोयच नव्हती. शिवाय भिंगातून बघणारा माणूस एकच. बाकीच्यांनी चित्र बघायचं ते फिल्म धुऊन आल्यावर. मला त्या काळाचा फार हेवा वाटतो.

आमचं शूटिंग गोरेगावच्या चित्रनगरीत होतं. वाड्याचा सेट, मराठी सिनेमा, म्हणजे वेळ कमी आणि नातेवाईक पुष्कळ. सकाळचा शॉट झूमचा होता. अँजेन्यूचा २४-२९० झूम एकटाच ११ किलो भरतो. तो आला की कॅमेऱ्याला लेन्स लावत नाहीत, लेन्सला कॅमेरा लावतात. खाली डव्हटेल नावाची लांब प्लेट, त्यावर १९ मिलिमीटरचे जाड रॉड, दोन रॉडमध्ये १०४ मिलिमीटर अंतर, लेन्सच्या पोटाखाली टेकू, पुढे लेन्सवरचा नको तो उजेड अडवणारा मोठा मॅट बॉक्स. मग बॅलन्स. तिकाटण्याच्या हेडचं लॉक हळूच सोडायचं आणि बघायचं, नाकावर झुकतोय की शेपटीवर. पाच मिलिमीटर मागे, तीन पुढे. कॅमेऱ्याबरोबर भाड्याच्या कंपनीने पाठवलेले अटेंडंट काका मुलीच्या सासरी पहिल्यांदा आलेल्या बापासारखे कोपऱ्यात उभे असतात: बोलत काही नाहीत, पण आपला प्रत्येक हात कुठे लागतो ते बघतात. अखेर कॅमेरा सोडला तिथे स्थिर राहिला, तेव्हा काकांनी मान हलवली. काकांची मान हलणं म्हणजे आमच्या धंद्यात पुरस्कार.

शॉट झाला, जेवण झालं आणि दिग्दर्शक आले. वयाने ते माझ्याहून बरेच लहान. मी त्यांना ‘सर’ म्हणतो, ते मला ‘दादा’ म्हणतात. त्यामुळे दोघांचाही मान राहतो.

“दादा, भांडणाचा सीन हँडहेल्ड करूया का? जरा जिवंत वाटेल.”

“करू ना सर.”

“फक्त हलायला नको.”

मी डीओपी सरांकडे पाहिलं. ते लाइटकडे बघत होते. अशा वेळी डीओपी नेहमी लाइटकडेच बघतात.

हँडहेल्ड म्हणजे कॅमेरा तिकाटण्यावर नाही, माणसाच्या खांद्यावर. मग सकाळचा सगळा साज उतरवायचा. यालाही एक क्रम आहे आणि तो चुकवून चालत नाही. काढताना आधी मॉनिटरला चित्र नेणारी बीएनसी केबल, मग पॉवर. लावताना आधी पॉवर, मग बीएनसी. उलट झालं तर मॉनिटरची वीज नको त्या वाटेने, म्हणजे बीएनसीच्या जाळीतून, परत जाऊ बघते आणि कॅमेऱ्याचं एसडीआय आउटपुट, म्हणजे चित्र बाहेर पडायचं दारच, जळतं. नव्या पोरांना मी हे चहा पाजून समजावतो. ते मान डोलावतात आणि सगळ्यात आधी बॅटरी उपसतात.

खरा वैताग स्क्रूंचा. कॅमेरा जर्मन, घडलेला मिलिमीटरमध्ये. पण त्यावर जे काही अडकवायचं त्याचे आटे इंचाचे: वन बाय फोर किंवा थ्री बाय एट. हातातल्या वस्तूला वन बाय फोर हवा असेल तर खिशातून थ्री बाय एटच निघतो. स्क्रू फिरवायच्या किल्ल्यांचं तेच. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर. पाचची किल्ली आत शिरत नाही आणि साडेचारची नुसती गरगर फिरते. बरोबर बसणारी किल्ली कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं: दुसऱ्या युनिटकडे.

कॅमेरा हलका झाला. छोटी, झूम नसलेली प्राइम लेन्स, क्लिपवाला मॅट बॉक्स, १५ मिलिमीटरचे बारीक रॉड, खांद्याखाली गादी. ऑपरेटरने खांद्यावर घेतला आणि म्हणाला, “दादा, पुढे ओढतोय.” बरोबरच होतं. मिनीची बॉडी आखूड, पुढे लेन्स, मोटर आणि मॅट बॉक्स, मागे काही नाही. म्हणून बॅटरी रॉडवर आणखी मागे सरकवली. तरी ओढतोय. मग बॅटरीच्या मागे ट्रान्समीटर. तरी थोडा. मग आणखी एक बॅटरी, वीज नको असताना, निव्वळ वजनासाठी.

आता खांद्यावर नीट बसला. रिहर्सल झाली. तंबूतून आवाज: “दादा, हलतंय.”

हलणारच. कॅमेरा जेवढा हलका, तेवढा माणसाचा श्वाससुद्धा पडद्यावर दिसतो. जड वस्तू सहजी थरथरत नाही. थोडक्यात, हँडहेल्डसाठी आम्ही जे उतरवलं होतं तेच हँडहेल्ड चांगलं व्हावं म्हणून परत चढवायचं. डीओपी सर पहिल्यांदाच लाइटवरून नजर काढून म्हणाले, “टॉप हँडलवर ते वजन लावा बरं.” सकाळच्या झूमवाल्या पेटीतून वजनं आली. निर्मितीवाल्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “अहो, छोटा कॅमेरा म्हणून घेतलाय ना हा?”

ऑपरेटरच्या खांद्याने दोन रिहर्सलमध्ये हात टेकले, तेव्हा ईझीरिग निघाला. योहान हेलस्टेन या स्वीडिश वृत्तछायाचित्रकाराने स्वतःच्या पाठदुखीवर काढलेला हा उपाय. कमरेला पट्टा, पाठीवरून डोक्यावर वाकलेला दांडा आणि दांड्याच्या दोरीला कॅमेरा. वजन खांद्यावरून कमरेवर जातं. ते नाहीसं होत नाही, हे ऑपरेटरची बायको सांगू शकेल. शिवाय वाड्याच्या दाराची चौकट बुटकी. सून रागाने आत जाते, कॅमेरा तिच्या मागे जातो आणि दांडा चौकटीवर खाडकन आपटतो. तिसऱ्यांदा आपटला तेव्हा सेटिंगवाल्यांनी पाचशे वर्षांचा वाडा वीतभर कापून उंच केला.

टेक अप्रतिम झाला. सूनबाईंनी खरंच पाणी काढलं, ऑपरेटर मांजराच्या पावलांनी गेला आणि डोळ्यांवरचा माझा फोकस केसभरही सुटला नाही. सगळे तंबूत जमले. दिग्दर्शकांनी तो दोनदा पाहिला.

“सुंदर. पण दादा, फार स्थिर वाटतोय, नाही? ट्रॉलीवर घेतल्यासारखा.”

कुणी काही बोललं नाही. डीओपी सर लाइटकडे बघायला लागले होते.

“असू दे. पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये थोडा हलवून घेऊ,” दिग्दर्शक म्हणाले, “पुढचा सीन झूमवर आहे ना?”

अटेंडंट काकांनी १९ मिलिमीटरचे रॉड आधीच पुसून ठेवले होते.