हळद आमची, डबा त्यांचा

आज एका वास्तुशांतीला गेलो होतो. पंगत उठली, पानसुपारी चालू झाली अन् एका रिटायर गुरुजींनी पिशवीतून डबे काढले. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल. साठ कॅप्सूलचे चौदाशे रुपये. "शुगर, बीपी, गुडघे, सगळ्यावर चालतंय. नैसर्गिक हाय, साइड इफेक्ट नाही." अन् ऐकणारे कोण? वसमतकडचे हळद पिकवणारे! ज्यांच्या घरात आत्ताही हळदीचे कट्टे थप्पी लावून पडलेत अन् जे मोंढ्यात किलोला शे-दीडशेसाठी घासाघीस करतात.

मी डबा उलटा केला. मागं मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेलं, 'औषधी वापरासाठी नाही'. मोबाइलवर मोठं करून दाखवलं तर गुरुजी म्हणाले, "ते सरकारी नियमामुळं लिहावं लागतंय." लागणारच ना गुरुजी! माल अन्नाच्या परवान्यावर विकायचा, औषधवाल्याला जे सिद्ध करावं लागतं त्यातलं काही करायचं नाही, अन् पंगतीत मात्र तेच औषध?

मी एवढा का चिडलो, तर मावशीमुळं.

मावशी माळकरी. शुगरसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू. पायाला मुंग्या, तळव्यांची आग. रात्री ओलं फडकं फरशीवर टाकून त्यावर पाय ठेवून बसायची. अशाच एका 'हेल्थ कोच'नं तिला हळदीच्या कॅप्सूल अन् शेवग्याच्या पाल्याची पावडर दिली, वर शुगरची गोळी कमी करत न्या म्हणून सांगितलं. परसात शेवग्याचं झाड असलेल्या बाईला शेवग्याची पावडर! फोनवर म्हणायची, "फरक तर कायबी पडना गेलाय रे. पण त्यो म्हणतोय, आंगातलं विष निघायलंय."

'आपले पूर्वज हळद खातच होते की' हे तर पाठच झालंय लोकांना. खात होते, भाजीत चिमूटभर. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, असतं दोन ते पाच टक्के. तीन टक्के धरा. अर्कात जवळपास सगळं कर्क्युमिनच, म्हणजे पाचशे मिलिग्रॅम अर्काची एक कॅप्सूल म्हणजे पंधरा-सोळा ग्रॅम हळद झाली. कोणत्या आजीनं रोज एवढी हळद गिळली? शिवाय कर्क्युमिन अंगाला लागत नाही म्हणून त्यात मिरीतलं पिपरिन घालतात, शोषण वाढावं म्हणून. मग परिणाम वाढणार अन् दुष्परिणाम वाढणार नाही, हे कसं काय? इटलीत, अमेरिकेत असल्या गोळ्यांनी लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात.

पेटंटचा मुद्दाही येणार, माहितेय. 1995 ला अमेरिकेनं हळदीवर पेटंट दिलं, माशेलकरांच्या काळात सीएसआयआर ही आपली सरकारी संशोधन संस्था लढली अन् 1997 ला ते रद्द झालं. अभिमान मलाही आहे. पण ते पेटंट जखमेवर हळद वापरण्याचं होतं अन् रद्द झालं ते ही गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक होती म्हणून. हळदीनं शुगर जाते असं त्यात कुठंच सिद्ध झालेलं नाही.

बरं, डॉक्टर मंडळीही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत. जाईल त्याच्या हातात मल्टिव्हिटॅमिनची स्ट्रिप. व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, हे नीट सांगत नाहीत. लोक रोज घेतात अन् रक्तातलं कॅल्शियम वाढवून बसतात.

अन् 'नैसर्गिक'चंच वेड असेल तर ऐका. मावशीला कमी करायला सांगितलेल्या त्या मेटफॉर्मिनचं मूळही एका झाडातच आहे. गॅलेगा नावाच्या युरोपातल्या वनस्पतीतल्या रसायनाचा माग काढत माणसं तिथवर पोचली. 1922 ला रेणू बनला, 1957 ला फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी तो मधुमेहावर वापरल्याचं छापलं. मधे माणसांनी मात्रा मोजली, कुणाला चालतं कुणाला नाही ते बघितलं. गुरुजी, तुमच्या डब्यामागं हे कुणी केलंय?

मावशीला शेवटी परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "मांसाहार, अंडी?" मावशीनं नुसती माळ दाखवली. बी-12 तपासलं, तळाला गेलेलं. झाडपाल्यात बी-12 नसतंच अन् मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते आणखी कमी होऊ शकतं. इंजेक्शनं चालू केली, शुगरची गोळी परत पूर्ण. आग हळूहळू ओसरली, मुंग्या अजून थोड्या आहेत. म्हणजे माझं भांडण व्हिटॅमिनशी नाहीच. व्हिटॅमिनच तिचं औषध होतं. फक्त ते तपासून, मोजून अन् कॅप्सूलच्या डब्यापेक्षा लई स्वस्तात मिळालं.

आता थोडा शांत झालोय. मावशीला विचारलं, तू त्या कोच पोराचं कामून ऐकलंस? म्हणाली, "त्यो रोज फोन करून इचारायचा, मावशी पाय कसं हाय म्हणून." दवाखान्यात तिचा नंबर लागायला दुपार व्हायची अन् आत दोन मिनिटं मिळायची. ह्यावर मला काही बोलता आलं नाही. रोज फोन तर मीही करत नव्हतो.

तरी सांगतो. घरात कुणी माळकरी असेल अन् शुगरची गोळी जुनी असेल, तर बी-12 तपासून घ्या. गोळी आपल्या मनानं सोडू देऊ नका. अन् रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी असल्या कॅप्सूल गपचूप खाऊ नयेत, रक्तस्राव वाढू शकतो. डबा सरळ डॉक्टरच्या टेबलावर ठेवायचा. ओरडला तर ओरडू द्या.