‘फोर्डचं इंजिन’ म्हणताना कीथ डकवर्थ कुठे गेले?

जुन्या फॉर्म्युला वन गाड्यांच्या फोटोंखाली एक मजकूर हमखास फिरतो: डीएफव्ही हे गाजलेलं इंजिन फोर्डनं बनवलं, कॉसवर्थ या ब्रिटिश कंपनीचे लोक नुसते ट्यूनर (दुसऱ्यांची तयार इंजिनं सुधारून वेगवान करणारे) होते आणि एवढा पैसा मिळाला असता तर ते कुणालाही जमलं असतं. कॉसवर्थचे एक संस्थापक कीथ डकवर्थ यांच्यावर हा सरळसरळ अन्याय आहे.

इंजिनावर फोर्डचं नाव होतं, कारण पैसे फोर्डच्या ब्रिटिश शाखेनं दिले. एकूण १ लाख पौंड, त्यातच फॉर्म्युला टू या खालच्या श्रेणीच्या शर्यतींसाठीचं चार सिलिंडरचं इंजिनही आलं. आरेखन मात्र डकवर्थ यांचं.

‘ट्यूनर’ हा शब्द कुठून आला तेही कळतं. १९५८ मध्ये माइक कॉस्टिन यांच्यासोबत कॉसवर्थ काढल्यावर सुरुवातीला फोर्ड अँग्लियाच्या इंजिनांवरच त्यांनी नाव कमावलं. पण डीएफव्ही कोऱ्या कागदावरून उभं राहिलं: तीन लिटर, व्ही-८, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. ते ज्या गाडीत पहिल्यांदा बसलं, त्या लोटस संघाच्या ‘लोटस ४९’ मध्ये चालकाच्या पाठीमागे सांगाडाच नव्हता; गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन थेट इंजिनालाच जोडलेलं. (ही कल्पना मूळ डकवर्थ यांची नव्हे, लँचिया या इटालियन कंपनीनं ती आधी वापरली होती.)

पैशाचा मुद्दा तर अजिबात टिकत नाही. ४ जून १९६७, नेदरलँड्समधलं झांडफोर्ट, डीएफव्हीची पहिलीच शर्यत. सर्वांत पुढून निघालेल्या लोटसच्या ग्रॅहम हिलचं इंजिन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, कॅम नावाचे उंचवटे असलेला दांडा) फिरवणाऱ्या गिअरचे दात तुटून बंद पडलं. त्याचा संघसहकारी जिम क्लार्क जिंकला, पण त्याचं इंजिन उघडलं तर तिथेही दात तुटलेले! कॅमवरचा भार झटक्याझटक्यानं बदलत होता आणि ते हादरे गिअरवर बसत होते. डकवर्थ यांनी पुढे त्या गिअरच्या आत बारीक पोलादी दांड्या बसवल्या. त्या किंचित पिळल्या जाऊन हादरा पचवत. अशी उकल विकत मिळत नाही. फेरारीकडे काय साधनं कमी होती? तरी १९६४ नंतर चालकांचं विजेतेपद त्यांना थेट १९७५ मध्ये मिळालं.

हे इंजिन एकट्या लोटसला न देता इतरांनाही विकायचं, हा निर्णय फोर्डच्या वॉल्टर हेस यांचा. ते श्रेय फोर्डला द्यायलाच हवं. पण मॅक्लारेन, टिरेल, विल्यम्स अशा संघांना वर्षानुवर्षं इंजिनं पुरवली ती नॉर्दम्प्टनच्या त्या छोट्या कंपनीनं, आणि ती चालवत होते डकवर्थच. जास्त ताकदीच्या टर्बो इंजिनवाल्यांच्या गर्दीत १९८३ ला डेट्रॉइटमध्ये टिरेलचा मिकेले अल्बोरेतो जिंकला, तेव्हा या घराण्यातल्या इंजिनांचे १५५ विजय झाले होते.