पाळणाघर आज बंद

डबे भरून झालेले असतात, मुलाच्या पायात बूट चढलेले असतात आणि नेमका तेव्हाच 'आज पाळणाघर बंद राहील' असा निरोप फोनवर येतो. हे वारंवार घडते आणि दर वेळी रजा आईनेच टाकायची, असे घरी आणि कार्यालयात दोन्हीकडे गृहीत धरले जाते. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाण्याची मुभाही मिळाली. आमच्याकडे मात्र विचारले की 'पुढच्या वर्षी बघू' एवढेच उत्तर मिळते.

अशा वेळी खालच्या मजल्यावरची मैत्रीण माझ्या मुलाला ठेवून घेते, तिची मुलगी तापली की मी तिला सांभाळते, आणि रात्री आम्हा मैत्रिणींमध्ये दिवसभराच्या फजितीची उजळणी होते. परवा एकीने लिहिले, 'लेकाने साहेबांच्या ऑनलाइन बैठकीत "आई, शी झाली" असे जाहीर केले; बैठक एकमताने तहकूब.' आम्ही पोट धरून हसलो. त्या हसण्याच्या बळावर दुसरी सकाळ निभावते.

आणि त्यावरच नातेवाइकांची शेरेबाजी: 'आम्ही चार-चार मुले वाढवली, अशा खिदळत नव्हतो.' तेव्हा घरात आजी, काकू, आत्या हाताशी होत्या, हे कोणीच का बोलत नाही? नोकरी टिकेल का, घराचा हप्ता फिटेल का, ही धास्ती उशाशी घेऊन झोपणाऱ्या बायका अर्धा तास हसल्या, तर कोणाचे काय बिघडते?