क्लिपर उतरवूनही ‘स’ का फाटतो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: माझ्या लेखात सांगितल्याप्रमाणे एफएम प्रोसेसरचा (प्रसारणाआधी आवाजाची पातळी बांधून देणाऱ्या यंत्राचा) क्लिपर ड्राइव्ह, म्हणजे शिखरं छाटणाऱ्या क्लिपरला मिळणारी पातळी, ३ डीबीने उतरवला. केंद्राचा आवाज बारीक झाला, पण निवेदनातले ‘स’ आणि ‘श’ तसेच फाटतात. जुन्या प्रोसेसरवर हे होत नव्हतं, म्हणजे सल्ला चुकीचा आणि नवं यंत्रही सदोष.

सल्ल्याबद्दलची तक्रार रास्त आहे. बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे शोधण्याआधी कंट्रोल फिरवायला सांगायला नको होतं. यंत्राला मात्र इतक्यात दोष देऊ नका. फाटणं क्लिपरमधलं असतं तर ३ डीबीत ते नक्की कमी झालं असतं. ते जराही हललं नाही, म्हणून माझा पहिला संशय प्री-एम्फसिस (प्रसारणाआधी उंच स्वर मुद्दाम उचलणं; रिसीव्हर डी-एम्फसिसने ते परत उतरवतो) दोनदा लागण्यावर आहे.

भारतात एफएमचं प्री-एम्फसिस ५० मायक्रोसेकंद आहे. त्याने १० किलोहर्ट्झला साधारण १०.४ डीबी उचल मिळते. प्रोसेसर ही उचल आधी देतो आणि मग शिखरं छाटतो. पुढे एक्सायटरमध्येही (ट्रान्समीटरमधला एफएम सिग्नल तयार करणारा भाग) प्री-एम्फसिस चालू असेल, तर छाटून बसवलेला ‘स’ पुन्हा १० डीबीने वर येतो, डेव्हिएशन (आवाजानुसार वारंवारता किती सरकते ते) ७५ किलोहर्ट्झच्या मर्यादेपार जातं आणि एक्सायटरचा लिमिटर किंवा श्रोत्याचा रिसीव्हर तो फाडतो. ड्राइव्ह उतरवल्याने सरासरी पातळी खाली आली, ‘स’ची शिखरं मात्र छतालाच टेकून राहिली. तुम्हाला दिसलं ते नेमकं हेच. जुना प्रोसेसर बहुधा फ्लॅट, म्हणजे प्री-एम्फसिस नसलेला आउटपुट देत असावा. तेव्हा एक्सायटरचं प्री-एम्फसिस चालू असणं योग्यच होतं. यंत्र बदललं, सेटिंग तेच राहिलं.

खात्री करायला अर्धा तास पुरतो. प्रसारण बंद असताना ट्रान्समीटर डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या भारावर) घ्या, मोनो करा, पायलट (स्टिरिओची खूण देणारा १९ किलोहर्ट्झचा टोन) बंद ठेवा. प्रोसेसर बायपासमध्ये टाका, म्हणजे पातळीवर प्रक्रिया न होता टोन सरळ पुढे जाईल. काही यंत्रांत बायपासचं प्री-एम्फसिस वेगळं निवडावं लागतं, ते रोजच्यासारखंच ठेवा. ४०० हर्ट्झचा टोन देऊन डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झवर आणा. मग इनपुटची पातळी न बदलता १० किलोहर्ट्झ द्या. डेव्हिएशन मॉनिटरवर १६.५ किलोहर्ट्झच्या आसपास आलं तर सगळं ठीक. २४ आलं तर कुणीतरी ७५ मायक्रोसेकंद निवडलंय, जे अमेरिकेचं मानक आहे. ५४ आलं तर प्री-एम्फसिस दोनदा लागतंय. ५ च राहिलं तर कुठेच लागत नाही.

मॉनिटर नसेल तर चांगल्या रिसीव्हरचा आउटपुट संगणकावर मोजा: दोन्ही टोन सारखे दिसले पाहिजेत. मोबाइलचा रेडिओ इथे वापरू नका, त्याचं डी-एम्फसिस ७५ वर असू शकतं.

५४ आलं तर प्रोसेसर ५० वर ठेवा आणि एक्सायटर फ्लॅट करा, उलट नको. प्रोसेसर फ्लॅट केला तर एक्सायटरच्या १५ किलोहर्ट्झ फिल्टरमधून शिखरं पुन्हा डोकं वर काढतात.

‘एमपीएक्सची (प्रोसेसरमधूनच तयार होऊन येणाऱ्या पूर्ण स्टिरिओ सिग्नलची) भानगड कशाला?’ असंही तुम्ही विचारलंय. याच कारणासाठी. एमपीएक्स इनपुटवर ते फिल्टर आणि प्री-एम्फसिस दोन्ही टळतात. फक्त एक्सायटरचा स्टिरिओ कोडर बंद करा, नाहीतर १९ किलोहर्ट्झचे दोन पायलट एकमेकांशी भांडतील. पायलट ९ टक्के, म्हणजे ६.७५ किलोहर्ट्झ ठेवा. काही एक्सायटरांत मोनो आणि एमपीएक्स एकाच बीएनसी सॉकेटवर येतात. स्विच मोनोवर राहिला तर तिथे प्री-एम्फसिस लागतंच.

१६.५ च आलं, तर प्रोसेसरच्या इनपुटवर हेडफोन लावून ऐका. तिथेच ‘स’ फाटत असेल तर माइक प्रीअँपचा गेन बघा. प्रोसेसर स्टुडिओत आहे आणि ट्रान्समीटरपर्यंतच्या लिंकवर एमपी३सारखा कोडेक (आवाज दाबून पाठवणारी पद्धत) आहे का? तसं असेल तर प्रोसेसर ट्रान्समीटरच्या बाजूला हलवा. छाटलेली शिखरं कोडेकमधून पुन्हा उसळतात.

दुरुस्तीनंतर उतरवलेले ३ डीबी थोडे थोडे परत द्या आणि चालू कार्यक्रमावर एकूण डेव्हिएशन ७५ च्या आत आहे ना ते बघत राहा. पहिल्या दिवशी आवाज बोथट वाटेल, कारण कानाला त्या १० डीबी जादा ट्रेबलची सवय झालीय. दोन-तीन दिवस ईक्यूला (ट्रेबल-बासच्या कंट्रोलला) हात लावू नका.