जेवलास का आणि ग्रेड काय

ऑगस्टमध्ये लेकाला कॉलेजच्या डॉर्मला (हॉस्टेलला) सोडायला गेलो तेव्हा काय थाट होता, एकसारखे टीशर्ट घातलेली सीनियर मुलं सामान उचलायला हजर, पालकांसाठी वेगळं ओरिएंटेशन, फोटो, रडारड, आणि घरी पोचायच्या आधी फेसबुकवर पोस्ट (हो, मीही टाकली होती). जानेवारीत परत सोडायला गेलो तेव्हा पार्किंग लॉटमध्ये बर्फ, बोचरं वारं आणि चिटपाखरू नाही. त्याने स्वतःच दोन बॅगा खांद्याला अडकवल्या, "निघा आता, रस्ता खराब होईल" म्हणाला आणि गेला आत. पाच मिनिटं. चार तास ड्राइव्ह करून आलो होतो आम्ही.

अमेरिकेत पहिलं पोर कॉलेजला जातं तेव्हा आपल्याला सगळे फॉल सेमिस्टरबद्दल (ऑगस्ट ते डिसेंबर) सांगतात, होमसिक होईल, रूममेटशी खटके उडतील वगैरे. स्प्रिंगबद्दल (जानेवारी ते मे) कोणी ब्र काढत नाही. आणि माझं मत विचाराल तर खरी परीक्षा स्प्रिंगलाच असते. नवलाई संपलेली, डिसेंबरचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, डोक्यावर बसलेला, संध्याकाळी पाचला काळोख, आणि कोर्सेस एकदम अवघड. हायस्कूलला कायम ए आणणाऱ्या पोराला आयुष्यातला पहिला सी मिळाला की काय होतं ते मी विंटर ब्रेकमध्ये तीन आठवडे बघितलं, खोलीचं दार बंद, आणि बाहेर आम्ही दोघं कुजबुजत "तू बोल", "नाही तू बोल".

तर फेब्रुवारीत एकदा फोनवर तो वैतागून म्हणाला, "आई, तू दोनच प्रश्न विचारतेस. जेवलास का आणि ग्रेड काय." मला राग आला, पण फोन ठेवल्यावर मागचे मेसेज वर वर सरकवून बघितले तर खरंच की! जेवलास का, क्विझ कसा गेला, जेवलास का, मिडटर्म कधी, जेवलास का. आणि त्याचे रिप्लाय: हो, ओके, हो, माहीत नाही, हो. पोलीस जबाब घेतात तो यापेक्षा बरा असेल.

मग मी शहाणपणा केला, प्रश्न बदलले. "ऑफिस अवर्सला जातोस का?" (प्रोफेसर शंका सोडवायला बसतात ती वेळ.) "ट्युटरिंग सेंटर फ्री असतं ना?" तो म्हणाला हे पण तेच आहे, फक्त कपडे बदललेत. बरोबरच होतं त्याचं.

शेवटी जे चाललं ते अगदी चुकून सापडलं. एक दिवस माझं ऑफिसमध्ये बिनसलं होतं, मॅनेजरने चार लोकांसमोर माझ्या रिपोर्टची पिसं काढली होती, आणि त्याचा फोन आला तेव्हा मी काहीही न विचारता अर्धा तास माझंच रडगाणं गायले. त्याने ऐकून घेतलं. मला दोन सल्ले दिले, त्यातला एक चांगला होता. आणि मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "बाय द वे, कॅल्क टूच्या मिडटर्मला एक्केचाळीस आलेत." कॅल्क्युलसच्या दुसऱ्या कोर्सला, शंभरपैकी. बाय द वे! तीन आठवडे दाबून ठेवलं होतं पोराने. आपण मोठ्यांनी आपली फजिती सांगितली की त्यांना त्यांची सांगायला जागा होते, असं मला तरी वाटतं, आपण सारखे सगळं जमलेल्या माणसासारखे वागतो म्हणून ती गप्प बसतात.

आता ज्यांची पोरं याच घाटात आहेत त्यांच्यासाठी कामाचं. पहिल्या एक-दोन आठवड्यात कोर्स सोडला तर तो ड्रॉप, ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, नामोनिशाण राहत नाही. त्यानंतर सोडला तर विथड्रॉल, म्हणजे ग्रेडच्या जागी डब्ल्यू. तो जीपीएमध्ये धरत नाहीत, पण ट्रान्स्क्रिप्टवर दिसतो, आणि फीचे पैसे तोवर बहुतेक गेलेले असतात. याची शेवटची तारीख प्रत्येक कॉलेजची वेगळी, बऱ्याच ठिकाणी दहाव्या आठवड्याच्या आसपास, ॲकॅडमिक कॅलेंडरवर सरळ लिहिलेली असते, ती तेवढी तुम्ही बघून ठेवा. नवऱ्याचं म्हणणं डब्ल्यू म्हणजे कायमचा डाग. अरे बाबा, एफपेक्षा डब्ल्यू परवडला! पण आंधळेपणाने घ्यायचा नाही, फुल टाइम राहायला सेमिस्टरला साधारण बारा क्रेडिट (कोर्सचा भार मोजायचं एकक) लागतात, त्याच्या खाली गेलं की स्कॉलरशिप आणि फायनान्शियल एड धोक्यात येऊ शकते, आणि एडसाठी प्रगती मोजतात तेव्हा डब्ल्यूवाला कोर्स घेतला पण पूर्ण केला नाही असा मोजतात. आमच्याकडे सोळातून चार गेले तर बरोब्बर बारा उरत होते. समरला कम्युनिटी कॉलेजमध्ये तोच कोर्स करता येतो, पण ते क्रेडिट ट्रान्सफर होतील का हे ॲडव्हायझरकडून आधी लेखी घ्यायचं, नंतर नाही.

मी याची स्प्रेडशीट केली होती, रंगीबिरंगी, पाठवली नाही. हे पाठवायचं नाही म्हणून मी किती वेळा फोन खाली ठेवला ते माझं मला ठाऊक. तो ॲडव्हायझरला भेटला, प्रोफेसरला भेटला, आणि शेवटच्या दिवशी ऑफिस बंद व्हायला वीस मिनिटं असताना डब्ल्यूचा फॉर्म सबमिट करून मग आम्हाला कळवलं. वीस मिनिटं!! काय ही पोरं.

मधे एकदा मी कॉलेजला फोनही केला होता, कबूल करते. बिलात एक चार्ज कळत नव्हता. समोरची बाई गोड आवाजात म्हणाली, तुमच्या मुलाची परवानगी फाइलवर नाही, मी काही सांगू शकत नाही. अगं बाई, पैसे कोण भरतंय! पण १९७४ चा फेर्पा नावाचा कायदा आहे, पोरगं कॉलेजला गेलं की त्याच्या रेकॉर्डवरचा हक्क त्याचा, वय अठराच्या आत असलं तरी. तो हवं तर फॉर्म भरून आपल्याला परवानगी देऊ शकतो. काही घरात फीच्या चेकसोबत हा फॉर्म पुढे सरकवतात, सही कर नाहीतर चेक नाही. मला ते पटत नाही. बिलापुरती परवानगी मागितली, त्याने दिली, ग्रेडची मागितली नाही.

पण एक गोष्ट नीट ऐका, हा कायदा त्यांना सांगायला अडवतो, ऐकून घ्यायला नाही. पोर चार दिवस फोन उचलत नाहीये, क्लासला जात नाहीये, रात्रभर जागं आणि दिवसभर झोपलेलं, असं काही वाटलं तर डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसला बिनधास्त कळवा, ते माणूस पाठवून बघून येतात. आणि ९८८ हा मानसिक संकटात मदतीचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे, तिथे कॉल किंवा टेक्स्ट दोन्ही चालतं. आपल्याकडे "आमच्या वेळी कुठे होतं हे डिप्रेशन" म्हणायची खोड आहे. होतं. आमच्या वेळीही होतं, माझ्याच हॉस्टेलला होतं, आम्ही त्या मुलीला लहरी म्हणायचो.

भाड्याच्या घराचं मात्र उलट, तिथे जरूर नाक खुपसा. दुसऱ्या वर्षासाठी पोरं ऑफ कॅम्पस अपार्टमेंट बघतात, आणि ज्यांची ओळख जेमतेम पाच महिन्यांची अशी चार जणं बारा महिन्यांच्या लीजवर सह्या करायला निघतात. लीज जॉइंट असेल तर एकाने पाय काढला की त्याचं भाडं बाकीच्यांच्या गळ्यात, आणि गॅरंटर म्हणून सही आपली असते. प्रत्येकाची लीज स्वतंत्र आहे का, समरला सबलेट करता येतं का, एवढं तरी वाचा. आमच्या चौकडीतला एक जण मार्चमध्ये रुसून बाहेर पडला, नशीब सह्या झाल्या नव्हत्या.

टॅक्सचं एका वाक्यात, कॉलेजच्या फीचा १०९८-टी फॉर्म बहुतेक पोराच्या पोर्टलवर येतो, आपल्या पत्त्यावर नाही, आणि कॅम्पस जॉबचा रिटर्न तो स्वतः भरणार असेल तर दुसरं कोणी मला डिपेंडंट दाखवू शकतं हा चौकोन टिक करायला सांगा, नाहीतर अडीच हजार डॉलरपर्यंतच्या टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे टॅक्समधल्या सवलतीचा, घोळ होतो.

मे मध्ये त्याला आणायला जायचंय. शेवटच्या पेपरनंतर चोवीस तासांत रूम खाली करायची आहे, बेडखालून काय काय निघेल देव जाणे. मी ऑगस्टमध्ये हौसेने दिलेला राइस कुकर पहिल्याच महिन्यात आरएने (डॉर्मवर लक्ष ठेवणाऱ्या सीनियर विद्यार्थ्याने) जप्त केला होता, डॉर्ममध्ये चालत नाही म्हणून, तो जाताना परत मिळतो म्हणे पण पावती लागते. पावती आहे का विचारलंय त्याला दोन दिवसांपूर्वी. मेसेज वाचलेला दिसतोय, उत्तर नाही.