समोरचा नुसता उभा नसतो

लातूरकडच्या मंडळींचा वाद व्हॉट्सॲपवर पुन्हा पेटलाय. टीव्हीवरच्या स्किटमध्ये हशा एकच जण घेतो, मग समोर नुसत्या उभ्या असणाऱ्याचं एवढं कौतुक कशाला? नुसता उभा! तमाशातली बतावणी बघत आलेल्या मुलखानं हे म्हणावं? सरदार 'काय म्हणालास?' असं दरडावतो, तेव्हाच सोंगाड्याचा शब्द मागच्या रांगेला नीट कळतो.

इकडं ब्रिटनमध्ये 'टू रॉनीज' या बीबीसीच्या विनोदी कार्यक्रमातलं १९७६चं हार्डवेअरच्या दुकानातलं स्किट लोकांना अजून पाठ आहे. गिऱ्हाईक रॉनी बार्कर 'फोर्क हँडल्स' मागतो, पण 'ह' गिळून. दुकानदार रॉनी कॉर्बेटला 'फोर कँडल्स' ऐकू येतं. तो निमूट चार मेणबत्त्या काउंटरवर ठेवतो. गिऱ्हाइकाला हवे असतात फोर्क या अवजाराचे दांडे. कॉर्बेट इथं चिडत नाही. पहिल्याच वस्तूला चिडला असता, तर पुढं चढायला पायरी उरली नसती. फाटकावरच्या 'ओ' अक्षरांसाठी तो शिडी चढून खोका काढतो, मग जागेवर ठेवून येतो, आणि गिऱ्हाईक 'पी' मागतं. वर होतो तेव्हा का नाही सांगितलं! हशा ओसरायला लागणारा वेळ ती शिडीच देते.

हे स्किट लिहिलं बार्करनंच, जेराल्ड वायली या टोपणनावानं. १९८०च्या, 'मास्टरमाइंड' या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमावरच्या स्किटमध्ये मात्र भूमिका उलट्या आहेत. कॉर्बेट प्रत्येक वेळी आधीच्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि बार्कर ढिम्म चेहऱ्यानं विचारत राहतो. त्याचा वेग जरा चुकला, की प्रेक्षक आधीचा प्रश्न विसरलेच.

आपल्याकडं हशा पिकला, की कॅमेरा परीक्षकांकडं वळतो. विनोद झेलणाऱ्याचा चेहरा तेवढ्यात हुकतो. मग म्हणायचं, तो नुसता उभा होता!

हेच स्किट लातूरच्या जनरल स्टोअरमध्येही बसेल. मेंदी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक 'ण'लाही 'न'च म्हणणारं.
'कोन हाय का?'
'मी हाय की.'
'तुमी न्हाई हो, कोन!'
'मीच. दुसरं कोन असनार?'
दुकानदारानं मान वर करायची नाही, वहीतला हिशेब चालूच ठेवायचा. मान वर झाली की त्याला कळलंय हे दिसतं आणि गंमत संपते.

इथली माणसं 'फोर कँडल्स'ला खदखदून हसतात, तेव्हा मी आधी तो गिळलेला 'ह' शोधतो आणि अर्धा क्षण मागं हसतो. 'कोन'ला काही शोधावं लागत नाही.